अस्थींपासून मातीच्या कुपीपर्यंत

संतांच्या अस्थी, क्रुसाच्या लाकडाच्या ढलप्या, हुतात्म्याच्या वस्त्राची चिंधी. पवित्र अवशेषांच्या विषयाच्या उंबऱ्यावर पहिला प्रश्न ठरलेला असतो: हे खरं आहे का? धर्मसुधारक जॉन कॅल्विनने १५४३ साली यावर अख्खी पुस्तिका लिहिली आणि क्रुसाचे सगळे तुकडे गोळा केले तर जहाज भरेल, अशी टर उडवली. टर झकास आहे, पण अभ्यासकाला ती फार पुढे नेत नाही. स्पर्श हातोहात कसा पुढे जातो हे पाहू लागलं की विषय खुलतो.

चौथ्या शतकाच्या अखेरीस जेरुसलेमची यात्रा केलेली इजेरिया सांगते की, गुड फ्रायडेला भाविक क्रुसाचं चुंबन घेत तेव्हा डीकन पहाऱ्याला उभे असत. कुणी एकाने म्हणे चुंबनाच्या मिषाने चावा घेऊन तुकडाच पळवला होता! ज्यांच्या हाती मूळ वस्तू लागणार नव्हती, त्यांनी तिला लागलेलं काहीतरी नेलं: तेल, पाणी, धूळ.

व्हॅटिकनच्या संग्रहातली एक लाकडी पेटी मला या साऱ्यात मोलाची वाटते. काळ साधारण सहावं शतक. आत पवित्र भूमीतले खडे, माती, लाकडाचे तुकडे. काहींवर ग्रीक अक्षरांत ठिकाणाचं नाव, बेथलेहेम, सियोन. झाकणाच्या आतल्या अंगाला ख्रिस्तचरित्रातले पाच प्रसंग रंगवलेले. त्यात शुभवर्तमानातली खडकात खोदलेली ख्रिस्ताची कबर शोधू नका. तिथे आहे ती कबरीवर पुढे बांधलेली वास्तू, म्हणजे यात्रेकरूने स्वतः पाहिलेली.

अलेक्झांड्रियाजवळच्या अबू मीना या यात्रास्थळाच्या मातीच्या कुप्या याहून साध्या. साच्यातून काढलेल्या, मुठीत मावणाऱ्या. हात उभारून प्रार्थना करणारा संत मीनास आणि दोन्ही बाजूंना उंट. त्या दूरदूरच्या देशांत सापडल्या आहेत.

गोव्यात प्रवाह उलटा वाहिला. संत फ्रान्सिस झेवियरच्या पार्थिवाचा उजवा हात १६१४ साली काढून रोमला पाठवला गेला. रोमकडून जगाला अवशेष जात, इथे गोव्याने रोमला दिला. त्यावर लिहिलं गेलंय पुष्कळ. जुन्या गोव्यातल्या झेवियरच्या फेस्ताच्या जत्रेत विकली जाणारी पदकं, जपमाळा, तसबिरी मात्र अभ्यासकांना अजून किरकोळ वाटतात. नव्याने येणाऱ्याने तिथूनच सुरुवात करावी: पदक कुठल्या कारखान्यात पडतं, विकणारा कोण, आणि घरी गेल्यावर ते देव्हाऱ्यात जातं की गाडीच्या आरशाला लटकतं.