उजळलेल्या खिडक्यांचे यान

अवकाशयानाच्या प्लास्टिक प्रतिकृतीत दिवे बसवण्याची हौस एलईडीमुळे आली, असे सहज म्हटले जाते. पुरावा वेगळे सांगतो. ‘स्टार ट्रेक’ या दूरचित्रवाणी मालिकेसाठी १९६४मध्ये बनवलेल्या ‘एंटरप्राइझ’ यानाच्या सुमारे ११ फुटी प्रतिकृतीत पहिल्या पायलट भागाच्या वेळी दिवे नव्हते. ते नंतर बसवले गेले; वायरी डाव्या अंगाने आत नेल्यामुळे यानाचे चित्रण बहुतेक उजव्या बाजूनेच होऊ लागले. एवढी अडचण पत्करण्यामागे ठोस कारण होते. खिडकीत उजेड दिसला की तिच्यामागे माणूस आहे असे मन धरून चालते, आणि त्या मापाने सारे यान अजस्र भासते. नुसत्या रंगाला हे साधत नाही. एएमटी कंपनीच्या १९६०च्या दशकातल्या ‘एंटरप्राइझ’च्या सुरुवातीच्या जुळणी-किटमध्येही छोटे बल्ब होतेच.

मग एलईडीचे श्रेय काहीच नाही का? आहे, आणि मोठे आहे. पण ते प्रसाराचे. बल्ब तापतो, आणि किटचे प्लास्टिक, म्हणजे पॉलिस्टायरीन, १०० अंश सेल्सिअसच्या आसपास मऊ पडते. १९९३मध्ये प्रखर निळा एलईडी आला, त्यातून पुढे पांढरा, आणि बंद सांगाड्यात फारसा न तापणारा दिवा निर्धास्त ठेवता येऊ लागला. पातळ भिंतीतून उजेड झिरपू नये म्हणून आतून काळा रंग देणे मात्र आजही चुकत नाही.