पॅरिसच्या दाईकचेरीचा जमाखर्च

पॅरिस शहराचा बंदोबस्त ज्याच्या हाती होता त्या लन्वार नावाच्या अधिकाऱ्याने, ऑस्ट्रियाची सम्राज्ञी मारिया थेरेसा हिच्या विचारणेवरून आपल्या खात्याच्या कारभाराची जी हकीकत १७८० मध्ये प्रसिद्ध केली, तीत तान्ह्या मुलांच्या दुधाचाही हिशेब आला आहे. वर्षाकाठी जन्मणाऱ्या सुमारे २१,००० मुलांपैकी जेमतेम १,००० मुले आईच्या अंगावर पितात, साधारण तितक्याच मुलांसाठी घरी दाई ठेवली जाते, आणि उरलेली सारी मुले पगारी दायांच्या स्वाधीन होऊन शहराबाहेर खेडोपाडी रवाना होतात, असे तो सांगतो. हे सर्व आकडे शून्यांत संपणारे असल्यामुळे त्यांत कारकुनी अंदाजाचा भाग बराच असावा; तथापि त्यांनी दाखविलेली रीत खरी होती, याविषयी संशय नाही.

एवढ्या मातांनी आपले मूल दूर का धाडावे, या प्रश्नाचे उत्तर नीतिवेत्त्यांनी विलासात शोधले, आणि सरदारांच्या हवेल्यांपुरते ते कदाचित लागूही पडत असेल. परंतु गाडीत घालून परगावी जाणारी बहुसंख्य मुले कारागिरांची आणि दुकानदारांची होती. लियों शहरी रेशमाच्या मागावर नवऱ्याच्या बरोबरीने राबणारी स्त्री, किंवा पॅरिसात पावाच्या दुकानाचा गल्ला सांभाळणारी स्त्री, मुलाला घेऊन बसली तर तिच्या जागी जो मजूर लावावा लागे त्याची मजुरी दाईच्या दरमहा पगाराहून अधिक होई; आणि गाईचे दूध पाजावे, तर उकळून निर्जंतुक करण्याची विद्या अवगत नसलेल्या त्या काळी ते मृत्यूला आमंत्रणच ठरे. तेव्हा मूल कोणाच्या दुधावर वाढावे याचा निर्णय मातेच्या हृदयात होत नसून घराच्या जमाखर्चात होत होता, हे मानल्यावाचून गत्यंतर नाही.

जेथे एवढी देवघेव, तेथे सरकार आलेच. दाया मिळवून देणाऱ्या मध्यस्थ बायकांची दलाली आणि दायांचे वेतन ठरविणारे फर्मान चौदाव्या शतकाच्या मध्यापासून आढळते. १७१५ मध्ये हा व्यवहार पोलिसांच्या अखत्यारीत गेला आणि १७६९ मध्ये त्यासाठी एकच सरकारी कचेरी उभी राहिली. खेड्यातून येणाऱ्या दाईने आपल्या गावच्या पाद्र्याचा दाखला आणावा, त्यात तिची वर्तणूक, नवऱ्याचे नाव आणि तिच्या स्वतःच्या मुलाचे वय नमूद असावे, तान्ह्याला तिने रात्री आपल्या बिछान्यात घेऊ नये, मुले नेणाऱ्या मुकादमाच्या गाडीचा तळ फळ्यांचा असून त्यावर ताजा पेंढा अंथरलेला असावा, येथपर्यंत नियमांची मजल गेली होती. (असा नियम करावा लागला, यावरून त्यापूर्वीच्या गाड्यांची कल्पना वाचकांनीच करावी.) कचेरी दाईला पगाराची हमी देई आणि मागाहून तो बापाकडून वसूल करी, बाकी थकली की बापाची रवानगी तुरुंगात होई. राजघराण्यात पुत्रजन्मासारखा आनंदाचा प्रसंग आला म्हणजे या दूध-बाकीच्या कैद्यांची मुक्तता करणे हे पुण्यकृत्य समजले जाई.

आपल्याकडेही धात्रीची निवड हे शास्त्र होते. चरकसंहितेच्या शारीरस्थानात तिचे वय, आरोग्य, शील इत्यादी लक्षणे दिली असून, तिचे दूध पाण्यात पिळले असता पाण्याशी एकरूप व्हावे, अशी परीक्षाही सांगितली आहे. संभाजीराजांच्या जन्मानंतर सईबाईंची प्रकृती ढासळली, तेव्हा कापूरहोळच्या धाराऊने बाळराजांना आपल्या अंगावर पाजले, ही गोष्ट महाराष्ट्रात सर्वश्रुत आहे. परंतु या व्यवस्थेत धात्री बाळाच्या घरी येत असे. पॅरिसच्या व्यवस्थेत बाळ धात्रीच्या घरी जाई, आणि अनेकदा परत येतच नसे. हा भेद मला देशाचार म्हणून सोडून देण्याइतका लहान वाटत नाही.

रूसोचा 'एमिल' १७६२ मध्ये प्रसिद्ध झाला आणि मातेने स्वतः पाजावे हा उपदेश उच्चभ्रू दिवाणखान्यांत मान्यता पावला. उपदेशकाने आपली पाचही अपत्ये अनाथालयाच्या दारी ठेवली होती, हे त्या दिवाणखान्यांना पुढे कळले. नाटककार बोमार्शे याला मात्र दुखणे नेमके कळले होते, असे म्हणावे लागते. कारण आपल्या 'फिगारो'च्या उत्पन्नातून त्याने जो निधी योजिला तो गरीब मातांना, स्वतःच्या मुलास पाजल्याबद्दल, रोख रक्कम देण्यासाठी होता.

एकोणिसाव्या शतकात मोर्वां या डोंगरी प्रांतातील स्त्रिया आपली तान्ही मुले मागे ठेवून पॅरिसच्या धनिकांकडे दाई म्हणून राहू लागल्या, आणि त्यांच्या कमाईतून बांधलेल्या घरांना त्या प्रांतात दुधाची घरे म्हणत. डॉक्टर रूसेल यांच्या प्रयत्नाने २३ डिसेंबर १८७४ रोजी झालेल्या कायद्याने पगारावर दिलेल्या दोन वर्षांखालील मुलांवर सरकारी देखरेख आली. शिवाय दाईचे स्वतःचे मूल सात महिन्यांचे झालेले असावे, नाहीतर त्याला पाजणारी दुसरी बाई असावी, अशी अट पडली. १८७६ मध्ये जुनी कचेरी बंद झाली.

तोवर बाटली आली होती. तिच्यातील एक प्रकार लांब रबरी नळीचा होता: नळीचे टोक तोंडात दिले की मूल आपले आपण पीत राही आणि आईचे हात कामाला मोकळे होत. ती नळी आतून स्वच्छ करणे अशक्य असल्याने अगणित मुले दगावली, आणि १९१० मध्ये कायद्याने तिची विक्री बंद केली. पुढे महायुद्धात पुरुष आघाडीवर गेले, दारूगोळ्याच्या कारखान्यांना बायकांवाचून चालेना, आणि ५ ऑगस्ट १९१७ च्या कायद्याने कामकरी मातेला, प्रसूतीपासून एक वर्षपर्यंत, मुलाला पाजण्यासाठी रोज एक तास मंजूर केला. अर्धा तास सकाळी, अर्धा दुपारी.