ईडी लावण्याचा इतिहास

ईडी म्हटलं की हल्ली सभ्य माणूस आधी आपल्या कपाटाचं कुलूप चाचपून बघतो. पण मी म्हणतो ती ईडी निरुपद्रवी. इंग्रजी क्रियापदाला लावतात ती. ती लावली की वर्तमानाचा भूतकाळ होतो, हे ज्ञान तालुक्याच्या शाळेत आम्हांला मास्तरांनी छडीच्या साक्षीनं दिलं. वॉक, वॉक्ड. हेल्प, हेल्प्ड. सारा वर्ग एका सुरात ओरडे आणि पलीकडच्या गोठ्यातली म्हैस कान टवकारी.

माझ्या बाकावर पिठाच्या गिरणीवाल्याचा मुलगा बसे. डोकं हिशेबी. एक नियम कळला की तो साऱ्या दुनियेला लागू, असा त्याचा खाक्या. मास्तरांनी विचारलं, "गोचा भूतकाळ?" हा ताडकन उठून म्हणाला, "गोड!"

वर्ग हसला. मास्तर हसले नाहीत. दोन्ही हातांवर मिळून चार छड्या बसल्या. मधल्या सुटीत तळवे चोळत तो एवढंच म्हणाला, "नियम त्यांनीच सांगितला होता ना रे?"

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. ते सापडायला पन्नासावर वर्षं लागली आणि नातीचा अभ्यास घ्यावा लागला.

तर हकिकत अशी. इंग्रजी क्रियापदांचं घराणं मूळचं मोठं हूड. हजार वर्षांपूर्वी त्यांतली कितीतरी क्रियापदं ईडीबिडी काही लावत नसत. पोटातला स्वर फिरवला की झाला भूतकाळ. आज गरीब गाईसारखी वागणारी हेल्प, वॉक, क्लाइंब, बेक, इतकंच काय लाफसुद्धा, सगळी त्याच टोळीतली. १६११ सालच्या इंग्रजी बायबलात हेल्पचं 'होल्पन' हे जुनं रूप अजून ऐटीत बसलेलं आहे.

मग ही ईडी आली कुठून? बहुतेक भाषापंडित म्हणतात, ती 'करणे' या अर्थाच्या क्रियापदाची झिजलेली शेपटी. नवं क्रियापद आलं की त्याच्यामागे 'केलं' जोडून द्यायचं. यात नवल ते काय? आपणही फोन 'केला', फाइल सेव्ह 'केली' असंच म्हणतो. परक्याला घरात घ्यायचं तर त्याच्यामागे आपला एक माणूस हवाच. फरक इतकाच, की इंग्रजांचा 'केलं' झिजून झिजून 'ड' उरला.

पुढे हा ड एकेका बंडखोराला पकडत सुटला. २००७ साली हार्वर्डच्या संशोधकांनी जुन्या इंग्रजीतल्या १७७ अनियमित क्रियापदांचा माग काढला. त्यांतली आज ९८ च अनियमित उरली आहेत. बाकीची सरळ झाली. त्यातही एक गंमत आढळली. जे क्रियापद शंभरपट कमी वापरलं जातं, ते दहापट लवकर नियमाला लागतं. बी, हॅव, गो यांच्यावाचून कुणाचं पान हलत नाही, म्हणून त्यांना कोणी हात लावत नाही. मी कचेरीत तीस वर्षं काढली. मला हे हार्वर्डला विचारावं लागलं नसतं. मस्टरवर लाल शेरा शिपायाला बसतो. साहेब केव्हाही येतात. आणि गोसाहेबांनी तर कमालच केली आहे. त्यांचा 'वेंट' हा भूतकाळ स्वतःचा नव्हेच. 'वेंड' नावाच्या शेजाऱ्याचा तो उचललेला!

काळांचं हे असं, तर अर्थांचं आणखी निराळं. आपल्या व्याकरणात क्रियापदाचे अर्थ चार, आणि पहिला मान स्वार्थाला. आपले वैय्याकरण व्यवहारी. इंग्रजांच्या लिंडली मरे यांनी १७९५ साली पाच अर्थ सांगितले. हे व्याकरण त्यांनी यॉर्कच्या मुलींच्या शाळेसाठी लिहिलं आणि चालवून दाखवायला क्रियापद घेतलं 'लव्ह'! आमच्या मास्तरांनी वर्गात ते घेतलं असतं, तर गावानं सभा भरवली असती. पण पाच अर्थांचा एवढा थाट करूनही नियमित क्रियापदाची आज रूपं किती? वॉक, वॉक्स, वॉक्ड, वॉकिंग. चार! बाकी सगळी मेहनत मे, कॅन, शुड या हमालांची. इच्छा दाखवायची तर फार फार तर शेवटचा स गळतो. 'गॉड सेव्ह द किंग' यात तो नाही, कारण तिथं देव राजाला वाचवतो असं म्हणायचं नसून, वाचवो असं म्हणायचं आहे. आमच्या मास्तरांनी स गाळल्याबद्दल मला छडी मारली, तेव्हा हे ठाऊक असतं तर!

असो. माझा मित्र मॅट्रिकला इंग्रजीत ३३ वर अडकला. पेपरात त्यानं 'कॅच्ड' लिहिलं होतं, हे त्यानंच बाहेर येऊन अभिमानानं सांगितलेलं मला आठवतं. शाळा सुटली, गिरणी गळ्यात पडली. आता कळतं की सतराव्या-अठराव्या शतकांत चांगले चांगले इंग्रजी लेखकही कॅच्ड लिहीत. कॉट आणि कॅच्ड शेकडो वर्षं शेजारी शेजारी नांदले. पुढे कॉट टिकला, कॅच्ड मागे पडला. माझ्या मित्रासारखाच.

परवा दळण घेऊन गेलो तेव्हा त्याला हे सगळं सांगितलं. पट्टा बंद करून त्यानं शांतपणे ऐकून घेतलं. भुवयांवर पीठ साचलेलं.

"म्हणजे माझं चुकलं नव्हतं?"

"दोन-तीनशे वर्षं उशीर झाला, एवढंच."

"मग ते दोन मार्क?"

"कोण देणार? मास्तर तर गेले."

त्यानं अंगावरचं पीठ झटकलं, उठून उभा राहिला आणि वर्गात राहायचा तसा हात बांधून म्हणाला,

"गेले नाही. गोड!"