कंपनीचं गेट आणि नियम 36

माझी वकिली 1961 सालच्या दोन कायद्यांच्या मध्ये उभी आहे. पहिला महाराष्ट्र औद्योगिक विकास अधिनियम. त्यातून एमआयडीसी जन्मली, पुढे बारामतीच्या माळावर प्लॉट पडले, आणि पिआज्जिओच्या तीनचाकी गाड्या, फेरेरोची चॉकलेटं इथे बनू लागली. दुसरा अ‍ॅडव्होकेट्स अ‍ॅक्ट. त्याखालचा बार कौन्सिलचा नियम 36 सांगतो की वकिलाने काम मागत फिरायचं नाही आणि जाहिरातही करायची नाही. एका कायद्याने कंपन्या आमच्या दारात आणल्या, दुसरा म्हणतो त्यांच्या गेटवर जाऊ नका.

या बंदीला धार आली ती मुंबईत. साठच्या दशकात तिथल्या फौजदारी कोर्टाच्या दाराशी काही वकील थांबायचे. पक्षकार दिसला की त्याच्याकडे धावायचे, कधी आपसात हातघाईवर यायचे. महाराष्ट्राच्या बार कौन्सिलने त्यांना तीन वर्षं निलंबित केलं, पण बार कौन्सिल ऑफ इंडियाने नियमाचा अर्थ अगदी चिंचोळा लावून त्यांना सोडलं. 1975 मध्ये 'बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र विरुद्ध दाभोळकर' या खटल्यात सुप्रीम कोर्टाने तो अर्थ चुकीचा ठरवला. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांचं म्हणणं स्पष्ट होतं: वकिली हा बाजार नाही. दोनच वर्षांनी अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने तिथल्या वकिलांना जाहिरातीची मुभा दिली. आपल्याकडे 2008 मध्ये वेबसाइटला परवानगी मिळाली, तीही नाव, पत्ता, सनद क्रमांक, शिक्षण आणि कामाचं क्षेत्र एवढ्यापुरती.

नियम सगळ्यांना सारखा असला तरी झळ सारखी बसत नाही. मुंबईची क्रॉफर्ड बेली 1830 पासून आहे. तिला ओळख करून द्यावी लागत नाही. तालुक्याच्या नव्या वकिलाला मात्र कंपनी स्वतःहून प्रस्ताव मागवेल तेव्हाच बोलायची संधी.

म्हणून त्या चार पानांत मी स्वतःचं कौतुक लिहीत नाही. कंपनीचा प्रश्न लिहितो. प्लॉट 95 वर्षांच्या भाडेपट्ट्याचा आहे, हस्तांतराला एमआयडीसीची परवानगी लागेल, त्याला कोणते कागद लागतील. कंत्राटी कामगारांच्या नोंदी कुठे अपुऱ्या पडू शकतात. तारखेला कोर्टात कोण उभं राहील. फी किती, ती निकालावर ठरवता येत नाही, तेही नियमातच आहे. आणि समोरच्या पक्षाचं काम आम्ही आधी केलं असेल, तर ते पहिल्याच पानावर.

गेटवर जायची मनाई आहे. पण आतून बोलावणं आलं, तर त्या कंपनीचा कागद आपण आधीच नीट वाचलेला असावा, याला कुठल्याच नियमाची आडकाठी नाही.