इंटरअर्बन ट्रेनची स्केल मॉडेल्स: बाजारात काय मिळतं आणि घेताना काय बघायचं

रात्री दीड वाजता यूट्यूबने मला एक व्हिडिओ दाखवला. टेबलावर वीतभरापेक्षा जरा लहान लाल डबा, छपरावर एक बारीक दांडा, आणि तो दांडा वरच्या तारेला टेकलेला. शेवटच्या स्टेशनवर डबा थांबला. त्या माणसाने बोटाने दांडा खाली ओढला, गोल फिरवून दुसऱ्या टोकाला तारेला लावला आणि डबा उलट निघाला. तार शोभेची नव्हती, डबा खरंच तिच्यातून करंट घेत होता. मी दिवसभर सर्व्हर सांभाळतो, मला असल्या गोष्टींची झोप घालवण्याइतकी हौस आहे. तीन वर्षांत या नादात जे शिकलो (आणि जे जाळलं) ते इथे लिहितोय.

इंटरअर्बन म्हणजे नक्की काय?

ट्रामपेक्षा मोठी, मेन लाइनच्या ट्रेनपेक्षा लहान अशी विजेवर चालणारी गाडी. शहरात रस्त्याच्या मधून जायची, शहर संपलं की स्वतःच्या ट्रॅकवरून पुढच्या शहरापर्यंत पळायची. अमेरिकेत १८९० च्या दशकापासून पहिल्या महायुद्धापर्यंत यांची चलती होती. मग मोटारी आणि चांगले रस्ते आले, आणि एकेक लाइन बंद पडत गेली. लॉस एंजेलिस परिसरातल्या पॅसिफिक इलेक्ट्रिकच्या 'रेड कार'ची शेवटची लाँग बीच लाइन १९६१ मध्ये थांबली. शिकागो-मिलवॉकी जोडणारी नॉर्थ शोअर लाइन जानेवारी १९६३ मध्ये बंद झाली. तिच्याकडे १९४१ ची 'इलेक्ट्रोलायनर' नावाची देखणी गाडी होती, फक्त दोन सेट.

साउथ शोअर लाइन मात्र अजून धावते, शिकागो ते साउथ बेंड. मिशिगन सिटीत ती २०२२ पर्यंत चक्क रस्त्यावरून जायची! तिच्या तारेत १५०० व्होल्ट डीसी असतो. आकडा ओळखीचा वाटतोय? मुंबईत १९२५ मध्ये व्हीटी-कुर्ला विजेवर आलं तेव्हा तोच व्होल्टेज होता, आणि लोकल काही वर्षांपूर्वीपर्यंत त्यावरच धावत होत्या.

जपानची गोष्ट वेगळी. ओसाका-कोबे जोडणारी हानशिन लाइन १९०५ मध्ये अमेरिकन इंटरअर्बनच्याच धर्तीवर सुरू झाली. मग केइहान, हानक्यू वगैरे आल्या. या कंपन्या मेल्या नाहीत, मोठ्या झाल्या. मॉडेलचा बाजार समजून घ्यायला एवढा इतिहास पुरे. गाडी जिथे जिवंत आहे तिथे कारखान्यातून नवं मॉडेल येतं, आणि जिथे ती मेली तिथे बहुतेक वेळा जुनं पितळी मॉडेल किंवा किट शोधत बसावं लागतं.

स्केलचं गणित (हे सोडू नका)

एचओ म्हणजे १:८७, ट्रॅक १६.५ मिमी. एन म्हणजे ९ मिमीचा ट्रॅक, पण स्केल देशाप्रमाणे बदलतं: अमेरिका-युरोपात १:१६०, ब्रिटनमध्ये १:१४८, जपानमध्ये १:१५०. अमेरिकन ओ म्हणजे १:४८, ट्रॅक ३२ मिमी.

आता कॅल्क्युलेटर उघडा. ३२ गुणिले ४८ म्हणजे १५३६ मिमी. खऱ्या स्टँडर्ड गेजची रुंदी १४३५. म्हणजे अमेरिकन ओ स्केलमध्ये रूळ चक्क दहा सेंटिमीटर रुंद! जपानचं बघा: ९ गुणिले १५० म्हणजे १३५०. जपानमधल्या बऱ्याच लाइन १०६७ मिमीच्या, त्यामुळे त्यांची मॉडेल्स जास्तच रुंद रुळांवर उभी असतात. पण हानशिन, हानक्यू, केइहान, केइक्यू या सगळ्या १४३५ च्या. त्यामुळे त्यांची मॉडेल्स ९ मिमीवर प्रमाणात बरीच बरोबर दिसतात. मला हे कळलं तेव्हा उगीचच आनंद झाला.

छोट्या फ्लॅटवाल्यांसाठी आणखी एक फायदा. शहराच्या कोपऱ्यावर वळायचं म्हणून इंटरअर्बनची वळणं तीव्र असायची. १२ मीटर त्रिज्येचं वळण एचओमध्ये साधारण १४ सेंटिमीटरचं होतं. टोमिक्स या जपानी ब्रँडचे एन स्केलचे सर्वात लहान वळणाचे ट्रॅक १०३ मिमी त्रिज्येचे आहेत, म्हणजे पूर्ण गोल जेवणाच्या ताटापेक्षा लहान. अर्थात लांब डबे त्यावर वळत नाहीत, एक-दोन आखूड डब्यांचीच गाडी चालते.

काय मिळतं?

सुरुवातीला जपानी एन स्केल बघा. काटो, टोमिक्स आणि खासगी लाइनच्या गाड्यांसाठी ग्रीनमॅक्स. कामाकुराची चिमुकली एनोडेन मोडेमो या ब्रँडने केली आहे. स्वस्तात हवं तर टोमिटेकची 'रेल्वे कलेक्शन' मालिका (२००५ पासून). त्यातली गाडी शोकेससाठी असते, तिला मोटर नसते. मोटरवालं युनिट वेगळं घ्यावं लागतं आणि कोणत्या डब्याला कोणतं युनिट बसतं हे खोक्यावर दिलेलं असतं. ते न वाचता ऑर्डर करू नका.

युरोपमध्ये व्हिएन्ना ते बाडेन धावणारी बाडनर बान ही जिवंत इंटरअर्बन आहे आणि ऑस्ट्रियाचीच हालिंग कंपनी ती एचओमध्ये बनवते. अमेरिकन एचओमध्ये बाकमनची ब्रिल ट्रॉली सहज सापडते, पण ती शहरातली ट्राम आहे. इंटरअर्बन म्हणून कोणी विकत असेल तर हसून पुढे जा. लाबेलची लाकडी किट्स चांगली, फक्त चाकं-मोटर आपण जमवायची. आणि मग पितळी मॉडेल्स. सायडॅम कंपनीने जपानमध्ये बनवून घेतलेल्या पॅसिफिक इलेक्ट्रिकच्या गाड्या आजही सेकंडहँड फिरतात. माझा घोळ तिथेच झाला.

करंट कुठून येतो?

साध्या मॉडेलमध्ये एक रूळ प्लस, दुसरा मायनस. त्यामुळे ट्रॅक फिरवून उलट्या दिशेने परत स्वतःलाच जोडला की शॉर्ट. तारेतून करंट घेतला तर तार एक टोक आणि दोन्ही रूळ मिळून दुसरं टोक. मग लूप कितीही घाला, शॉर्ट नाही. किंमत एकच: तार नीट ताणलेली हवी, नाहीतर दांडा सटकतो. नवीन माणसाने रुळांपासूनच सुरू करावं.

पुढची पायरी डीसीसी. यात रुळांवर कायम वीज असते आणि तिच्यातच डेटा जातो. एका बिटच्या प्रत्येक अर्ध्या भागाला ५८ मायक्रोसेकंद लागले तर तो १, शंभर किंवा जास्त लागले तर ०. छोट्या पॅकेटमध्ये पत्ता, आज्ञा आणि शेवटी त्या दोन्हींचा एक्सओआर, चूक पकडायला. नवीन डीकोडरचा पत्ता बहुतेक वेळा ३ असतो. आर्डुइनो मेगावर डीसीसी-ईएक्स हे ओपन सोर्स सॉफ्टवेअर टाका, वायफायची सोय जोडा, अँड्रॉइडवर इंजिन ड्रायव्हर ॲप घ्या, आणि फोनच कंट्रोलर होतो.

मी काय जाळलं

पहिल्या पगारवाढीत एक जुनी पितळी लाल गाडी घेतली. डीसीवर छान चालली. उत्साहात त्याच रात्री डीकोडर जोडला. दोन सेकंदांत धूर. मी विकणाऱ्याला शिव्या घातल्या, पण चूक शंभर टक्के माझी होती. जुन्या पितळी मॉडेलमध्ये मोटरचं एक टोक अनेकदा थेट चॅसीला, म्हणजे एका रुळाला जोडलेलं असतं. डीकोडरला मोटरची दोन्ही टोकं मोकळी लागतात. शिवाय त्या उघड्या मोटर एक ॲम्पिअरपेक्षा जास्त ओढू शकतात, आणि एचओचे साधे डीकोडर तेवढ्यासाठीच बनवलेले असतात. म्हणून आधी मल्टिमीटर कंटिन्युइटीवर ठेवा, एक टोक मोटरच्या ब्रशला, दुसरं चॅसीला लावा. बीप वाजला तर डीकोडर खोक्यातच राहू द्या. मग चाकं हाताने अडवून करंट मोजा, अगदी क्षणभरच.

दुसरी सूचना जपानहून मागवणाऱ्यांसाठी. तिथला पॉवर पॅक १०० व्होल्टचा असतो. आपल्या २३० व्होल्टच्या सॉकेटमध्ये लावलात तर पॅक गेलाच, आणि आग लागण्याचीही भीती. ट्रान्सफॉर्मर घ्या किंवा इथलाच १२ व्होल्टचा चांगला अडॅप्टर आणि स्पीड कंट्रोलर वापरा. कस्टम ड्युटी आणि कुरिअर धरूनच बजेट ठरवा. घ्यायच्या आधी चालतं मॉडेल डोळ्यांनी बघायचं असेल तर पुण्यात कोथरूडला जोशींचं मिनिएचर रेल्वे म्युझियम आहे. इंटरअर्बनसाठी नाही, पण एचओ म्हणजे केवढं हे तिथे लगेच कळतं.

माझ्या लाल गाडीत आता नवीन बंद मोटर आहे, दुसरा डीकोडर आहे आणि दाराएवढ्या प्लायवर एकच लाइन. तार अजून टाकायची आहे, म्हणून सध्या छपरावरचा दांडा नुसताच उभा असतो.