इंजिनाखालचें चेंबर

जुन्या मोटारींत दुसरें इंजिन बसविणारे अश्वशक्तीचा हिशेब करतात. इंजिनाच्या तळच्या तेलपात्राचा, म्हणजे मिस्त्री ज्यास चेंबर म्हणतात त्याचा, करीत नाहींत. याविषयीं इतिहासाचा एक धडा आहे. अमेरिकेंत १९५५ सालीं शेव्हरोलेचें प्रख्यात व्ही-८ इंजिन निघालें. त्याचें चेंबर बहुधा मागील अंगास खोल असे. १९६४ सालीं त्याच जातीचें इंजिन ‘शेव्ही टू’ या लहान गाडींत आलें. तेथें स्टिअरिंगचे दांडे नेमके त्या खोलगट भागाच्या आड येत. म्हणून कारखान्यानें निराळें, पुढें खोल असलेलें चेंबर योजिलें. तात्पर्य, चेंबर गाडीच्या सांगाड्यास पाहून निवडावें. तें दांड्यांस लागूं नये, भुईस घासूं नये, आणि पंपाची शोषनळी तेलांत बुडालेली रहावी. नळी उघडी पडली कीं बेअरिंगें जळतात, व सारा खटाटोप व्यर्थ जातो.