संथा आणि नमस्कार : औंध संस्थानातील एक प्रयोग

मुलाच्या दिवसातील किती वेळ धर्मशिक्षणाला द्यायचा आणि किती शरीराला, हा प्रश्न महाराष्ट्रात शाळांच्या वेळापत्रकांच्या कितीतरी आधीपासून होता. जुन्या वेदपाठशाळेत मुंज झालेला बटू पहाटेपासून संथा घेत असे, म्हणजे गुरूने उच्चारलेले पद ठरलेल्या वेळा जसेच्या तसे म्हणून मंत्र मुखोद्गत करत असे. दुपारची वेळ माधुकरीत, म्हणजे घरोघरी शिजलेले अन्न मागून आणण्यात जाई. या क्रमात व्यायामाला नेमलेली जागा नव्हती. मोकळा वेळ मिळे तो अनध्यायाने, म्हणजे वेदपठण वर्ज्य असलेल्या काळामुळे : प्रतिपदा, अष्टमी, चतुर्दशी, पौर्णिमा व अमावास्या या तिथी तर ठरलेल्याच होत्या, शिवाय स्मृतिकारांनी धुळीचे वादळ, कोल्ह्याची ओरड, घरी आलेला शिष्ट पाहुणा अशी कारणेही दिली आहेत. ती मांडताना त्यांच्या मनात पठणाचे पावित्र्य होते; खेळाची सोय आपोआप झाली.

शरीराची उपासना चाले ती गावच्या मारुतीपाशी आणि तालमीत. समर्थ रामदासांनी टाकळीला रोज बाराशे नमस्कार घातले, असे परंपरा सांगते, आणि दुसऱ्या बाजीरावाच्या काळी बाळंभटदादा देवधरांनी मल्लखांबाला नवे रूप दिले. तरी पाठशाळा आणि तालीम या संस्था वेगळ्याच राहिल्या. 1917 च्या सुमारास वाईला नारायणशास्त्री मराठे यांच्याकडे उपनिषदे व ब्रह्मसूत्रे अभ्यासणारे विनोबा भावे दूरवर चालत, दळण दळत आणि पुढे तीनशे सूर्यनमस्कार घालत, पण ती बाविशीतल्या तरुणाची स्वतःची शिस्त होती.

याच सातारा भागात औंधचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनी दोन्ही गोष्टींना वेगवेगळा वेळ देण्याऐवजी एकाच क्रियेत बसवले. 1909 मध्ये गादीवर आलेल्या या राजाने सूर्यनमस्कार आपल्या संस्थानातील शाळांमध्ये आणले आणि 1928 मध्ये त्यांवर इंग्रजी पुस्तकही प्रसिद्ध केले. त्यांची पद्धत नुसत्या कवायतीची नव्हती. प्रत्येक नमस्काराआधी ओंकार, ‘ह्रां’, ‘ह्रीं’ यांसारखे बीजाक्षर आणि मित्र, रवी, सूर्य अशा बारा नावांपैकी एक नाव उच्चारायचे असे. त्याहून विस्तृत प्रकार तृचाकल्पाचा, ज्यात ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलातील पन्नासाव्या सूक्ताच्या शेवटच्या तीन ऋचा, म्हणजे तृच, आधी पादापादाने, मग अर्ध्या ऋचेने आणि मग पूर्ण ऋचेने बीजाक्षरांना जोडल्या जात. अशा रीतीने नमस्कार घालणाऱ्या मुलाची पाठ वाकत असतानाच वेदाचा तुकडा तोंडी बसत असे.

भवानरावांनी या मंत्रांचे समर्थन मात्र मुख्यतः पुण्याच्या भाषेत केले नाही. बीजाक्षरांच्या उच्चाराने कंठ, छाती व पोट यांत कंपने होतात आणि ती आरोग्याला हितकर असतात, असे त्यांचे म्हणणे होते. मुली व स्त्रियांनीही नमस्कार घालावेत, असा त्यांचा आग्रह होता. या प्रयोगाचे बळ आणि त्याची उणीव दोन्ही येथेच दिसतात. व्यायामाला धर्माची प्रतिष्ठा मिळाली, आईबापांचा विरोध बोथट झाला आणि वेळेचा तंटा मिटला. पण मंत्र एकदा प्रकृतीसाठी म्हणू लागले की त्यांच्या अर्थाचे अध्ययन मागे पडते, आणि ज्या घरात सूर्य हे दैवत नाही त्या घरच्या मुलाला हा तोडगा आपला वाटेलच असे नाही. 1918 पासून औंधलाच राहिलेले वेदाभ्यासक पं. श्रीपाद दामोदर सातवळेकर सूर्यनमस्कारांचा प्रचार करत होते, तरी वेदार्थाच्या अध्ययनासाठी त्यांनी ‘स्वाध्याय मंडळ’ ही स्वतंत्र संस्था चालवली, हे लक्षात घेण्याजोगे आहे. अमरावतीला 1914 मध्ये स्थापन झालेल्या हनुमान आखाड्याने तर दैवत नावापुरते ठेवून सारा भर शारीरिक शिक्षणावरच दिला.

1948 मध्ये औंध विलीन झाले आणि सातवळेकर गुजरातेतील पारडीला गेले. रथसप्तमीच्या सामूहिक नमस्कारांत सूर्याची बारा नावे अजून म्हटली जातात. तृचाकल्प मात्र मुख्यतः याज्ञिकांपुरताच उरला आहे.